बारशाच्या आत करायची एक तपासणी

डेंग्यूचा डास कसल्या पाण्यात अंडी घालतो, हे गोव्यातल्या चौथीतल्या पोराला विचारलंत तरी तो सांगेल. टायर, नारळाच्या करवंट्या, बांधकामावरची उघडी टाकी, सगळं त्याला पाठ असतं. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला माकडताप ठाऊक आहे, रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही हेही ठाऊक आहे. २०१५ साली ब्राझीलमध्ये झिका पसरला, तेव्हा लहान डोक्याच्या बाळांचे फोटो टीव्हीवरून आपल्या घराघरांत पोचले. पण पोटातल्या बाळाला या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा गाठणारा एक व्हायरस आहे. त्याचं नाव विचारलं तर गरोदर बाई सोडा, तिचा सायन्स शिकलेला दीरसुद्धा गप्प बसेल.

सायटोमेगॅलोव्हायरस. एवढं लांब नाव कुणी घेत नाही. डॉक्टर सीएमव्ही म्हणतात, आपणही तेच म्हणू. कांजिण्या, नागीण, तापानंतर ओठावर उठणारे फोड हे ज्या घराण्यातल्या व्हायरसांचं काम, त्याच हर्पीस घराण्यातला हा. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी तो आपापल्या परीनं वेगळा काढला. त्यातल्या एकीचे थॉमस वेलर यांना पोलिओचा व्हायरस प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याबद्दल १९५४ मध्येच नोबेल मिळालं होतं. म्हणजे शोध कालचा नाही आणि शोधणारेही कुणी ऐरेगैरे नव्हते. सत्तर वर्षं होत आली, तरी हा अनोळखी राहिला, कारण तो गाजावाजा करत नाही.

बहुतेकांना तो लहानपणीच होतो. आईच्या दुधातून, शेजारच्या पोराच्या लाळेतून, बालवाडीतल्या चोखलेल्या खेळण्यावरून. झाला तरी कळत नाही. एखाद्याला चार दिवस ताप, घसादुखी, थकवा येतो, आणि तोही ‘व्हायरल आहे’ म्हणून पॅरासिटामॉलवर निभावून जातो. पण गोवर जसा येतो आणि जातो तसा हा जात नाही. एकदा शिरला की जन्मभर शरीरातच ठाण मांडतो, काही पेशींमध्ये झोपून राहतो आणि अधूनमधून जागा होऊन लाळेतून, लघवीतून थोडा थोडा बाहेर पडतो. धडधाकट माणसाला याचा पत्ताही नसतो. किडनी बदललेली माणसं, केमोथेरपी चालू असलेली माणसं, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचलेली माणसं यांना मात्र तो छळतो. तसाच तो अजून जन्माला न आलेल्या बाळालाही छळू शकतो.

मांजराचा याच्याशी संबंध नाही, हे इथेच सांगून टाकतो. मांजरामुळे होतो तो टोक्सोप्लाझ्मा, तो वेगळा. सीएमव्हीला डास लागत नाही, मांजर लागत नाही, पावसाळा लागत नाही. त्याला माणूस पुरतो.

आता भारतातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, गुंताच आहे. आपल्याकडे मूल होण्याच्या वयातल्या दहापैकी नऊ किंवा त्याहूनही जास्त बायकांना हा आधीच होऊन गेलेला असतो. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. मग कुणीही म्हणेल, बरंच झालं की. एकदा होऊन गेला म्हणजे प्रतिकारशक्ती आली, पोटातलं बाळ सुरक्षित. रुबेलाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरंही आहे. म्हणून तर २०१७ च्या फेब्रुवारीत देशात गोवर-रुबेला लशीची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यातल्या मोजक्या राज्यांत गोव्याचा नंबर लागला होता आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांना शाळाशाळांत टोचलं गेलं. मुलीच्या अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती असली की पुढे तिच्या बाळाची काळजी मिटते, हे त्यामागचं साधं गणित.

सीएमव्हीला हे गणित लागू पडत नाही. आईच्या अंगातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, त्याला बरंच अडवतात, पण पुरतं अडवत नाहीत. गरोदरपणात झोपलेला व्हायरस पुन्हा जागा होऊ शकतो. किंवा त्याच व्हायरसचा दुसरा वाण बाहेरून येऊन आईला नव्यानं लागू शकतो. आयुष्यात पहिल्यांदाच गरोदरपणी सीएमव्ही झाला तर तीनातल्या एका बाळापर्यंत तो पोचतो. जुन्या संसर्गाच्या आईकडून तो जेमतेम शंभरातल्या एका बाळाकडे जातो. पण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक आई याच दुसऱ्या गटातली. ‘शंभरात एक’ हे लहान वाटणारं प्रमाण सगळ्याच बाळंतपणांना लावलं की आकडा मोठा होतो.

आणि तो खरंच मोठा निघाला. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी निमशहरी वस्तीतल्या नवजात बाळांची तपासणी करून २००८ साली निष्कर्ष छापले. जवळपास सगळ्याच आयांना जुना संसर्ग होता, तरी शंभरातल्या दोन बाळांमध्ये जन्मतःच सीएमव्ही सापडला. ब्राझीलच्या रिबेराओ प्रेतो भागात आठ हजारांवर बाळं तपासली, तिथल्या आयाही आपल्यासारख्याच, बहुतेकींना जुना संसर्ग. तिथे एक टक्क्याच्या वर बाळं सापडली. श्रीमंत देशांत, जिथे निम्म्या बायकांना हा कधी झालेलाच नसतो, तिथे दोनशेत एक. ज्या देशात ‘सगळ्यांनाच असतो’ म्हणून कुणी लक्ष देत नाही, तिथेच तो जास्त बाळांपर्यंत पोचतोय.

हजार बाळांचा हिशेब मांडू आणि आकडा कमीच धरू, एक टक्का. हजारात दहा बाळं हा व्हायरस घेऊन जन्मतात. दहातलं एक जन्मतःच आजारी दिसतं. वजन कमी, डोकं लहान, कावीळ, अंगावर जांभळे ठिपके, यकृत आणि प्लीहा सुजलेली. उरलेली नऊ अगदी गोंडस, गुटगुटीत. त्यांच्याकडे बघून कुणाला काही शंका येण्याचं कारणच नाही. त्या नवांतल्या साधारण एकाला पुढे ऐकू येणं कमी होतं. म्हणजे दहातल्या दोघांना कायमचं काहीतरी राहतं आणि आठ जण काहीही न होता मोठी होतात. हजारात दोन हा आकडा छोटा वाटत असेल तर डाऊन सिंड्रोमशी ताडून बघा. तो साधारण आठशे ते हजार बाळांमागे एकाला असतो, आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त घाला पडतो तो कानावर. आनुवंशिक कारणं बाजूला काढली तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं जगातलं सगळ्यात मोठं कारण सीएमव्ही. व्हायरस आतल्या कानात शिरतो आणि ऐकण्याची यंत्रणा बिघडवतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदूच्या पेशी जन्माला येऊन आपापल्या जागी जात असतात. तेव्हा तो बाळापर्यंत पोचला तर मेंदूवरचा परिणाम गंभीर होतो: झटके, हातपाय कडक होणं, शिकायला अडचण. डोळ्याच्या पडद्यालाही इजा होऊ शकते. शेवटच्या महिन्यांत झालेला संसर्ग बाळापर्यंत पोचतो जास्त वेळा, पण नुकसान फार कमी करतो.

कानाचा घोळ असा, की हे बहिरेपण जन्मतः असेलच असं नाही. कधी ते एकाच कानात असतं. मूल दुसऱ्या कानानं ऐकतं, हाक मारली की वळतं, त्यामुळे घरच्यांना संशयच येत नाही. कधी जन्मतः ऐकणं ठणठणीत असतं आणि दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत हळूहळू कमी होत जातं. बाळाच्या कानात छोटंसं बटण घालून केली जाणारी ओएई चाचणी जन्मानंतर पास झाली, की आईबाप निश्चिंत होतात. मे महिन्यात घर गळत नाही म्हणून कौलं शाबूत आहेत असं आपल्याकडे कुणी म्हणत नसतं, तसंच हे आहे. मूल बोलायला उशीर करतं तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य घरात कुणीतरी म्हणतंच. पाठोपाठ आजी सांगते की मुलगे जरा उशिराच बोलतात. असं करत वर्षभर सहज निघून जातं, आणि भाषा शिकायचं ते सोन्यासारखं वर्ष असतं.

आता त्या रिपोर्टबद्दल, ज्याच्यामुळे निदान काही बायकांनी सीएमव्ही हे नाव वाचलेलं असतं.

एकदा-दोनदा गर्भ राहून पडला की बऱ्याच ठिकाणी ‘टॉर्च’ नावाची रक्ततपासणी लिहून दिली जाते. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस असे चार-पाच संसर्ग एका फटक्यात तपासतात. रिपोर्ट येतो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर, डॉक्टरांचा दवाखाना बंद झाल्यावर. त्यात एक ओळ असते: सीएमव्ही आयजीजी, पॉझिटिव्ह. आकडा ठळक अक्षरांत, शेजारी ‘नॉर्मल’च्या रकान्यातला आकडा त्याच्या पासंगालाही न पुरणारा. रात्रभर नवराबायको गूगल करत बसतात आणि सकाळपर्यंत दोघांचीही खात्री पटलेली असते की गर्भ पडण्याचं कारण सापडलं.

सापडलेलं काहीच नसतं. आयजीजी म्हणजे जुन्या संसर्गाची खूण, कधी तरी लहानपणी होऊन गेल्याची. आपल्याकडे दहातल्या नऊ बायकांचा हा रिपोर्ट असाच येणार. तुमच्या आईचा, सासूचा, रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरबाईंचाही. तो आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून आज काही चाललंय असं ठरत नाही. या जुन्या खुणेवर औषध घेण्यात अर्थ नाही, आणि ती ‘निगेटिव्ह’ व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा रक्त देण्यात तर अजिबात नाही. ती जन्मात निगेटिव्ह होणार नाही.

दुसरी ओळ असते आयजीएमची. ही जरा नाजूक. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर संसर्ग ताजा असू शकतो. पण ते कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळतं, जुना व्हायरस जागा झाला तरी येतं, आणि दुसऱ्याच एखाद्या संसर्गामुळे खोटंही येतं. म्हणून नुसत्या आयजीएमवर काही ठरवायचं नाही, गर्भपाताचा निर्णय तर मुळीच नाही. त्यानंतरची तपासणी अ‍ॅव्हिडिटीची. प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे ते तीत बघतात. नवी प्रतिपिंडं व्हायरसला सैल पकडतात आणि काही महिन्यांत त्यांची पकड घट्ट होते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या तपासणीत पकड घट्ट निघाली, तर पहिला संसर्ग दिवस जाण्याच्या आधीचा. सैल निघाली, तर गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता, आणि मग मोठ्या रुग्णालयात जाऊन पुढचं बोलणं करायचं. तिथे सोनोग्राफीत मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात का, चुना साठलाय का, आतडी जास्त पांढरी दिसतात का, हे बारकाईनं बघतात. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल काढून त्यात व्हायरस आहे का तपासता येतं. पण सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे बाळाचे कान सुरक्षित, असा त्याचा अर्थ होत नाही. कान सोनोग्राफीत ऐकून बघता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे आईच्या रक्तात सीएमव्ही शोधण्यावर जेवढा पैसा आणि जेवढी झोप खर्च होते, त्याचा थोडासा हिस्सा जरी बाळाच्या लघवीवर खर्च झाला तरी कितीतरी जास्त हाती लागेल. कारण बाळाला सीएमव्ही आहे की नाही, याचं सरळ उत्तर बाळाच्या लघवीत आणि लाळेत आहे. आणि ते फक्त पहिल्या एकवीस दिवसांत मिळतं.

एकवीसच का? कारण जन्मताना किंवा जन्मानंतर आईच्या दुधातूनही बाळाला सीएमव्ही होतो. पुऱ्या दिवसांच्या बाळाला तो निरुपद्रवी असतो, आणि तशी लागण झालेल्या बाळाच्या लघवीत व्हायरस दिसायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून जन्मापासून तीन आठवड्यांच्या आत लघवीत व्हायरस सापडला, तर तो पोटात असतानाच आला होता हे नक्की. बाविसाव्या दिवशी, महिन्यानं, सहा महिन्यांनी सापडला, तर कोणता ते सांगता येत नाही. मग पुढे मूल बोलेनासं झालं आणि कुणाला सीएमव्हीची आठवण झाली, तरी वेळ निघून गेलेली असते.

आता हे एकवीस दिवस आपल्या घरातल्या कॅलेंडरवर मांडून बघा. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत), मडगावला, म्हापशाला जिल्हा इस्पितळात किंवा खासगीत. बाळाला जन्मतः बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बीची लस मिळते. काही दिवसांत आई-बाळ घरी. सहाव्या रात्री सटी, बाराव्या दिवशी बारसं. मग शेक-शेगडी, तेल-पाणी, बघायला येणारी माणसं. पुढची लस दीड महिन्यानं. म्हणजे एकवीस दिवसांची ही खिडकी बरोबर दोन लसींच्या मधल्या त्या काळात उघडते आणि मिटते, जेव्हा ठणठणीत बाळाला डॉक्टरकडे न्यायचं काहीच कारण नसतं. इतर राज्यांत या दिवसांत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ बघून जातात. देशभर सगळीकडे असलेली आशा योजना गोव्यात मात्र नाही. इथे सगळी भिस्त आरोग्य केंद्राच्या नर्सवर आणि अंगणवाडी सेविकेवर.

म्हणून लक्षात ठेवायला सोपं जावं यासाठी मी म्हणतो, बारशाच्या आत. एकवीस दिवस ही हद्द झाली, पण हद्दीवर जाऊन उभं कशाला राहायचं? नमुना कधी खराब निघतो, कधी तो बाहेरगावच्या लॅबला जातो. बारशाच्या आत दिला तर पुन्हा द्यायची वेळ आली तरी हातात आठवडा असतो.

सरसकट प्रत्येक बाळाची ही तपासणी करावी का? कॅनडाच्या ओंटारियो प्रांतानं २०१९ मध्ये तसं सुरू केलं, अमेरिकेत मिनेसोटानं २०२३ मध्ये. तिथे बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यात व्हायरस शोधतात. लघवीपेक्षा यात काही बाळं सुटतात, पण एकाच वेळी सगळी तपासून होतात. गोव्याला टाचेतल्या रक्ताचं नावीन्य नाही. २००८ साली सगळ्या नवजात बाळांची अशी तपासणी सरकारी पातळीवर सुरू करणारं देशातलं पहिलं राज्य गोवाच होतं. तो कार्यक्रम चयापचयाच्या आजारांसाठी होता आणि पुढे त्यात खंडही पडला. पण एवढ्याशा राज्यात, जिथे पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुतेक बाळं मोजक्या इस्पितळांत जन्मतात, तिथे काय करता येतं याची चुणूक त्यात दिसली होती.

सगळ्यांची नाही तर नाही, निदान काही बाळांची तरी व्हायलाच हवी. जन्मानंतरच्या ऐकण्याच्या चाचणीत एक किंवा दोन्ही कान नापास झाले, तर ‘कानात पाणी असेल, महिन्यानं या’ असं सांगून घरी पाठवतात. बहुतेक वेळा खरंच तसंच असतं. पण महिन्यानं जाताना एकवीस दिवस संपलेले असतात. कानाची फेरतपासणी महिन्यानं होऊ दे, लघवी मात्र आजच द्या, एवढं डॉक्टरांना म्हणायला हरकत नाही. तसंच दिवसांच्या मानानं बाळाचं वजन फार कमी असेल, डोक्याचा घेर कमी भरला असेल, काविळीचं कारण कळत नसेल, अंगावर ठिपके असतील, प्लेटलेट कमी असतील किंवा गरोदरपणीच्या सोनोग्राफीत काही वेगळं दिसलं असेल तर.

तपासणी म्हणजे काय, तर फार काही नाही. तान्ह्या बाळाच्या शूच्या जागी एक छोटी चिकटणारी पिशवी लावतात आणि वाट बघतात. किंवा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून लाळ घेतात. लाळ घ्यायची तर दूध पाजल्यावर तासभर थांबायचं, नाहीतर दुधातलाच व्हायरस काडीवर येतो. लाळेत सापडला तर लघवी तपासून खात्री करायची. सुई नाही, रक्त नाही. लॅबमध्ये पीसीआर होते, कोरोनामुळे हा शब्द आता सगळ्यांना पाठ झालाय.

सापडला तर पुढे काय? ज्या बाळांवर परिणाम दिसतोय त्यांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाचं तोंडानं द्यायचं औषध आहे. शक्यतो पहिल्या महिन्यातच सुरू करतात आणि सहा महिने देतात. त्यानं ऐकण्याला आणि वाढीला फायदा होतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. फायदा माफक आहे, चमत्कार नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. फक्त कानावरच परिणाम असेल तर औषध द्यावं का, यावर देशोदेशीची मतं सारखी नाहीत. आणि ज्या बाळावर काहीच परिणाम नाही त्याला औषध देत नाहीत. मग शोधून मिळालं काय, असं कुणी विचारेल. मिळाली ती सावधगिरी. अशा बाळाचे कान पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायचे. ऐकणं घसरायला लागलं की वेळेत कळतं, श्रवणयंत्र लागतं, गरज पडली तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं यंत्र, होतं, आणि मूल बोलायच्या वयात बोलतं.

गरोदर बाईला पहिल्यांदाच संसर्ग झाल्याचं पक्कं सिद्ध झालं तर व्हॅलासायक्लोव्हिरच्या भरपूर डोसनं बाळापर्यंत व्हायरस पोचण्याचं प्रमाण तीसवरून अकरा टक्क्यांवर आलं, असं इस्रायलमधल्या २०२० च्या एका लहान चाचणीत दिसलं. भरपूर म्हणजे दिवसाला आठ ग्रॅम, पाचशेच्या सोळा गोळ्या. हे मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं काम. लस नाही. एमआरएनए तंत्रावरची एक लस शेवटच्या टप्प्यापर्यंत गेली होती, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीही कमी पडल्याचं कंपनीनं जाहीर केलं.

राहता राहिली रोजची काळजी, आणि ती जवळजवळ पूर्णपणे दोन-तीन वर्षांच्या पोरांभोवती फिरते. मोठ्या माणसातला व्हायरस अधूनमधून थोडासा बाहेर पडतो. लहान मुलाला एकदा झाला की ते महिनोन्‌महिने, कधी वर्षाच्या वर, लाळेतून आणि लघवीतून भरपूर सांडत राहतं, आणि तेही हसतखेळत. त्यामुळे सगळ्यात जवळचा धोका दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बाईला, तिच्या स्वतःच्याच थोरल्याकडून.

थोरल्याला पेज भरवताना बघा कुणालाही. चमचा भरायचा, आधी आपल्या ओठाला लावून गरम आहे का बघायचं, मग त्याच्या तोंडात. त्यानं अर्धं थुंकलं की तोच चमचा पुन्हा भरायचा, पुन्हा ओठाला. वाटीत तळाशी उरलेली पेज शेवटी आई पिऊन टाकते, अन्न टाकायचं नाही म्हणून. पोराचं उष्टं खायला आईला कधीच काही वाटत नाही, आणि एरवी वाटायचं कारणही नाही. पण दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चाललेत तेव्हापासून आणि गरोदरपणाचे पहिले तीन-चार महिने एवढं सांभाळायचं. गरम आहे का ते मनगटावर थेंब टाकून बघा. उष्टं संपवायचं काम आजोबांकडे द्या, त्यांना तेवढंच निमित्त. मुका घ्यायचा तर कपाळावर, डोक्यावर, ओठांवर नको. जमिनीवर पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून ‘साफ’ करायची सवय असेल तर तीही सोडा. शी-शू, लाळ, शेंबूड पुसला की साबणानं वीसेक सेकंद हात धुवा. साधा साबण पुरतो, या व्हायरसच्या अंगावर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. मुलाला जवळ घेणं, कुशीत झोपवणं, आंघोळ घालणं, यातलं काही बंद करायचं नाही.

चवथीला मूळ घरात सगळे भाऊ जमतात, एका खोलीत सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात अर्धी खाल्लेली नेवरी, आणि प्रत्येक पोर ती प्रेमानं काकीच्या तोंडात कोंबणार. गरोदर काकीनं नको म्हटलं तर आगाऊपणा वाटतो. हे तिच्या नवऱ्यानं किंवा सासूनं आधीच हसत सांगून टाकलेलं बरं.

बालवाडीत, पाळणाघरात, मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना दिवसभर याच लाळेत आणि शूत हात घालावा लागतो. त्यांना हे सांगणं त्यांच्या कामावर घेणाऱ्यांचं काम आहे.

दोन गैरसमज मात्र पसरू देऊ नका. दुधातून व्हायरस जातो म्हणून अंगावर पाजणं बंद करू नये. पुऱ्या दिवसांच्या बाळाला त्यानं काही होत नाही. फार आधी जन्मलेल्या, दीड किलोच्या आतल्या बाळाबद्दल काय करायचं ते अतिदक्षता विभागातले डॉक्टर सांगतील. आणि जन्मतः सीएमव्ही असलेल्या मुलाला अंगणवाडीत घ्यायला नकार देण्याचं काहीही कारण नाही. त्याच खोलीत बसलेल्या इतर मुलांपैकीही काही जण तोच व्हायरस सांडत असतात, फक्त त्यांचा रिपोर्ट कुणी काढलेला नसतो. सेविकेनं हात धुवायचे ते प्रत्येक मुलाचं नाक पुसल्यावर, आणि त्यासाठी नळाशेजारी साबण असायला हवा.